तिवरोलीच्या उघाडीवरची साबेल

खाडीवर अजून पूल नव्हता, आणि बांधावरून चालताना माणूस एका हाताने कपडा सावरी नि दुसऱ्या हाताने क्रूस करी, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा तिवरोली गावात साबेल नावाची एक बाई होती. ती उघाडी राखत असे.

उघाडी म्हणजे काय, ते आधी ऐका. तिवरोलीची भातशेती समुद्राच्या पातळीहून खाली. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध, आणि त्या बांधात एकच दार. दोन दगडी खांब, त्यांना खाचा, आणि खाचांमधून वरखाली सरकणारी सागाची जाड फळी. ओहोटीला फळी वर घ्यायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीच्या आधी फळी खाली टाकायची, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येत नाही. शेतात खारं पाणी एकदा शिरलं की तीन पावसाळे जमीन पांढरी पडते. म्हणून साऱ्या गावाचा घास त्या एका फळीवर.

साबेलचा बाप उघाडी राखायचा, तो गेल्यावर साबेल राखू लागली. गावातल्या म्हाताऱ्यांना ते पसंत नव्हतं. बाईच्या हातात गावाचं दार कसं द्यायचं, म्हणून त्यांनी चार बैठका घेतल्या. पण चिखलात उतरायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता, त्यामुळे दार साबेलच्याच हातात राहिलं.

बापाने तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, भरतीचं पाणी फळीला लागायच्या आत फळी तळाला टेकली पाहिजे. पाण्याचा रेटा एकदा बसला की फळी खाचेत अशी आवळते की ती कुणाचं ऐकत नाही. आणि दुसरी, कुणी दुरुस्तीला पाण्यात उतरलं तर वरच्याने कान फळीला लावून बसायचं. खालून एक ठोका आला तर फळी सोडायची. तीन ठोके आले तर वर घ्यायची, लगेच, काही न विचारता.

साबेलच्या शेजारी इनास आणि त्याची बायको नातालीन राहत. त्यांचं शेत उघाडीला अगदी लागून, साऱ्या गावात सखल. नातालीनची जीभ तिखट होती, पण मनात काही राहत नसे. साबेलची जीभ मऊ होती, आणि मनातलं काही जात नसे.

भादव्यात कणसांचा सण असतो. ज्याच्या शेतात पहिलं कणीस पिकतं, त्याची पेंढी क्रुसाच्या देवळात सर्वांच्या पुढे जाते. त्या वर्षी साबेलच्या एवढ्याशा तुकड्यात पहिलं कणीस पिकलं. ती पेंढी बांधून, नवं लुगडं नेसून देवळाच्या पायरीशी आली, तेव्हा नातालीन हसत म्हणाली, “साबेलबाय, उघाडीवालीच्या पेंढीला चिखलाचा वास येतो गं! देवाच्या नाकाचा तरी विचार कर.”

सगळे हसले. इनासही हसला. साबेलही हसली, पण ती घरी आली तेव्हा पेंढीतलं एक कणीस तिच्या मुठीत चुरगळून गेलेलं होतं.

त्यानंतर पौर्णिमा आली. तिवरोलीत पौर्णिमेचं आणि अमावास्येचं उधाण भर दुपारी चढतं. साबेल बांधावर गेली आणि तिने फळी खाली सोडली, पण पूर्ण नाही. तळाशी एक वीत फट ठेवली. तिने मनाशी हिशेब केला होता, की एवढ्या फटीतून पाणी येईल, इनासचं सखल शेत तेवढं भिजेल, आणि ते भिजलं की मी फळी दाबून टाकीन. एकाच शेताला मीठ लागेल. मग बघू, कुणाच्या पेंढीला कसला वास येतो.

बापाचं सांगणं तिला आठवत नव्हतं असं नाही. रागात माणसाला वाटतं, नियम इतरांसाठी असतात.

पाणी आलं. इनासच्या शेतात शिरलं. साबेलने फळी दाबली, तर फळी हलेना. तिने वर पाय दिला, मोगरीने घाव घातले, हातांची साल निघाली, तरी फळी एक बोटभर सरकेना. इनासचं शेत भरलं आणि पाणी पुढच्या शेताच्या बांधावरून सांडू लागलं. तेव्हा साबेल ओरडली.

इनास सर्वांत आधी धावत आला. त्याने फळीकडे पाहिलं, तिच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, “खाली तिवराचं खोड अडकलंय काय गं?”

साबेलच्या तोंडून शब्द गेला, “हो.”

तो एक शब्द. इनासने सदरा काढला, खाडीच्या बाजूने पाण्यात उडी घेतली, आणि नसलेलं खोड शोधायला खाली गेला. साबेलने कान फळीला लावला. एक ठोका आला नाही. तीन आले. ठक, ठक, ठक. साबेल फळी ओढू लागली. फळी जशी खाली जात नव्हती तशी वरही येत नव्हती. पुन्हा तीन ठोके आले. मग तीन, पण हळू. मग काही नाही. आणि फटीतून येणारं पाणी अचानक थांबलं. कशाने थांबलं, ते ओहोटी लागल्यावर गावाला दिसलं. इनासच्या देहाने ती फट बुजली होती.

त्याच्यामुळे वरची निम्मी शेतं वाचली, असं म्हणतात.

गावाने इनासला मोठ्या मानाने पुरलं. आणि खरी भीती वाटावी अशी गोष्ट त्यानंतर घडली. गावाने साबेललाही मान दिला. रक्त येईतो फळीशी झुंजली, एकटी बाई, काय तिची छाती! बायका तिच्या हातांना खोबरेल लावायला आल्या. नातालीनही आली. तिने साबेलचे तळवे आपल्या मांडीवर घेतले आणि म्हणाली, “तू होतीस म्हणून तो एकटा गेला नाही.”

साबेलला वाटलं, आपले हात कुणी निखाऱ्यांवर ठेवले आहेत.

ती गावच्या कोमास पाटलाकडे गेली. पाटील ओटीवर पान लावत बसला होता. ती म्हणाली, “पाटीलबाबा, ते खोड...”

“वाहून गेलं, पोरी,” पाटील म्हणाला. “वाहून गेलेलं लाकूड शोधत बसू नये.”

“पण मी सांगते ते ऐका तरी. तिथं...”

पाटलाने पानाला चुना लावायचा थांबवला. त्याला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं, असं म्हणतात. तो म्हणाला, “गावात एक माणूस मेला, ते पुरे. वर आणखी एक पापीण कशाला? लोकांना जे खरं वाटतंय ते चांगलं वाटतंय. तोंड मिटून घरी जा.” आणि त्याने पान तोंडात टाकलं. मोठ्या माणसांचं शहाणपण कधीकधी असंच असतं. आपलं जेवण पचावं म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात हाड राहू देतात.

साबेल तोंड मिटून घरी गेली.

मग अमावास्या आली. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, ती उघाडीवर उभी होती. फळी तळाला टेकलेली होती, भरती चढत होती, आणि खालून ठोके आले. ठक, ठक, ठक. तिने फळीला कान लावला. ठोके थांबले. तिने कान काढला, आणि ते पुन्हा आले. बांधावरून गुरं चालली होती, एक बाई मोळी घेऊन चालली होती, त्यांना काही ऐकू गेलं नाही.

ओहोटीनंतर तिने पाहिलं, तर बांधावर ओल्या पावलांचे ठसे होते. ऊन लागलं तसे ते वाळले आणि मिठाचे झाले. पांढरे, टाचेसकट, पाचही बोटांसकट. ते उघाडीपासून निघाले होते आणि सात पावलांवर थांबले होते. त्यांची बोटं तिच्या घराच्या दिशेला होती.

पौर्णिमेला ते आणखी सात पावलं पुढे आले. पुढच्या अमावास्येला आणखी सात.

साबेलने ते पायाने पुसले, पाणी ओतून धुतले, वर शेण सारवलं. शेण वाळलं की मीठ वर येई. लोकांना ते दिसत नसत. लोक त्यांच्यावरून चालत जात. तिच्या माठातलं पाणी खारट झालं. तिने रांधलेली पेज तिलाच गिळवेना. देवळात ती ख्रिस्तप्रसाद घ्यायला गेली, तर तो जिभेवर ठेवताच तोंडात खाडी भरून आली, असं म्हणतात. तेव्हापासून ती मागच्या भिंतीशी उभी राहू लागली, आणि लोक म्हणू लागले, बघा, एवढा मान मिळाला तरी किती नम्र आहे.

दिवाळी गेली, नाताळ गेला. पावलं बांधावरून खाली उतरली. तिच्या कुंपणात आली. तिच्या मांडवाच्या खांबापाशी आली. तिला कळून चुकलं की तो येतो आहे, आणि त्याला घाई नाही.

उपासकाळ लागला तेव्हा पावलं उंबऱ्यापासून सात पावलांवर होती. त्याच सुमारास होडीतून पाद्री रुझार आले. ते दर वर्षी उपासकाळात यायचे, आठ दिवस राहायचे आणि गावाची पापनिवेदनं ऐकायचे. म्हातारे, एका कानाने कमी ऐकणारे. त्यामुळे गावकरी आपली मोठी पापं त्या कानाच्या बाजूला बसून सांगत.

साबेलही बसली. लाकडी जाळीला तोंड लावून ती म्हणाली, “फादर, मी पाप केलंय. शुक्रवारी मटणाचा रस्सा चाखला. शेजारणीची कोंबडी माझ्या परसात अंडं घालून गेली, ते मी परत केलं नाही. आळस केला.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

आणि जाळीच्या खालच्या फळीवर ठोके पडले. ठक, ठक, ठक.

पण खरी थरकाप उडवणारी गोष्ट त्याच्या पुढची. पाद्रीबाबांनी मान वर केली आणि विचारलं, “बाहेर आणखी कुणी थांबलंय का, पोरी?”

त्या बहिऱ्या कानाला ते ऐकू गेलं होतं.

साबेल पळाली. पाच दिवस घराबाहेर पडली नाही. दार लावून, दारामागे जातं सरकवून बसली. सहाव्या दिवशी अमावास्या होती. सकाळ झाली, ऊन चढू लागलं. तिला ठाऊक होतं की आज दुपारच्या भरतीला पावलं उंबऱ्यावर येतील. मग तो दार ठोकेल. मग काय, ते तिला पुढे विचार करवेना. तिने जातं बाजूला केलं आणि धावत देवळात आली. पाद्रीबाबा गाठोडं बांधून परतीच्या होडीची वाट बघत होते.

जाळीमागे जायलाही ती थांबली नाही. जमिनीवर गुडघे टेकून तिने सगळं सांगितलं. पेंढी, हसणं, एक वीत फट, आणि तो “हो”. सांगताना ती रडली नाही. तिचे दात वाजत होते.

पाद्रीबाबांनी गाठोडं बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, “तुला भीती कशाची वाटते? नरकाची?”

“त्याची वाटते. इनासची.”

“आणि दुःख? ते होतं का?”

साबेल विचार करू लागली. सहा महिने ती घाबरत होती. घाबरता घाबरता तिने एकदाही इनाससाठी अश्रू ढाळला नव्हता. तो कसा हसायचा, सदरा काढून कसा धावला, खाली अंधारात त्याने खोड कसं चाचपलं असेल, आणि वर साबेल आहे, ती ओढून घेईल, असा त्याचा कसा विश्वास असेल. ते सगळं तिला आत्ता, त्या फरशीवर, पहिल्यांदा दिसलं. आणि तिचा बांध फुटला. ती इतकी रडली की देवळातल्या पारव्यांनी उडून जाऊन दुपारपर्यंत परतायचं नाव घेतलं नाही, असं म्हणतात.

पाद्रीबाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षमेचे शब्द म्हटले. ती म्हणाली, “एवढ्या सहज?”

“सहज नाही, पोरी. त्यासाठी एकाचे हातपाय खिळले गेले.” मग ते म्हणाले, “देवाने तुला क्षमा केली, हे झालं. पण नातालीनच्या दारात तुझ्या वतीने देव जाणार नाही. तिथे तुलाच जावं लागेल. मी तुझं कुणाला सांगणार नाही, मला सांगता येत नाही. आणि तू गेली नाहीस तरी कुणाला कळणार नाही.”

“त्याला कळेल,” साबेल म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. घराशी येऊन तिने पाहिलं, तर पावलं उंबऱ्यापर्यंत पोचलेली होती. ओली होती अजून. तिने पहिल्यांदाच न पळता त्यांच्याकडे नीट बघितलं. पावलं उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. उंबऱ्याशी येऊन वळली होती. कुणी बरोबर चालायला शेजाऱ्याला हाक मारावी आणि तो येईतो दारात थांबावं, तशी दोन पावलं शेजारी शेजारी उभी होती. त्यांची बोटं नातालीनच्या घराकडे होती.

इतके दिवस तो तिला न्यायला येत नव्हता. तो घरी चालला होता, आणि तिच्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं.

नातालीन अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. साबेलला बघून म्हणाली, “ये गं. अवतार काय हा? चेटूक लागल्यासारखी दिसतेस.”

साबेल म्हणाली, “नातालीन, खोड नव्हतं.”

सूप थांबलं.

“मी फट ठेवली होती. तुझं शेत बुडावं म्हणून. तू हसलीस म्हणून. त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. तिथं खोड नव्हतं.”

नातालीनने सूप खाली ठेवलं. तांदूळ सांडणार नाही इतकं अलगद ठेवलं. त्यानेच साबेलला जास्त भीती वाटली. नातालीन उठली, बांधाच्या दिशेने चालू लागली, आणि मागे न बघता म्हणाली, “चल.”

उघाडीवर भरती चढत होती. नातालीनने खाडीच्या बाजूला बोट दाखवलं. “उतर.”

साबेल उतरली. इनास जिथे गेला तिथेच. पाणी गुडघ्याला होतं, मग कमरेला आलं. नातालीन वर, फळीशी उभी होती.

“ठोक.”

साबेलने फळीवर तीन ठोके मारले. नातालीन हलली नाही. पाणी छातीला आलं.

“पुन्हा ठोक. मला ऐकू दे. त्याने ठोकलं तेव्हा मी घरात मासे साफ करत होते. मला काही ऐकू आलं नव्हतं.”

साबेलने ठोकलं. आणि फळीच्या दुसऱ्या बाजूने, कोरड्या शेताच्या बाजूने, जिथे कुणीही नव्हतं, तिथून उत्तर आलं. एकच ठोका.

एक ठोका म्हणजे सोडून दे.

दोघींनीही तो ऐकला. नातालीनच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की खाडीपलीकडच्या गावात गाई दावं तोडून उभ्या राहिल्या, असं म्हणतात. मग ती बांधावर पालथी पडली आणि तिने हात खाली केला.

“घे.”

साबेल नुसती बघत राहिली. पाणी खांद्यांवर आलं होतं. तिला बुडणं सोपं वाटत होतं, त्या हाताला हात लावणं नाही.

“मला क्षमा केली असं म्हणता येत नाहीये,” नातालीन रडत म्हणाली. “तोंडात येतच नाही. हात देता येतो, तेवढा घे.”

“मी तो घ्यायच्या लायकीची नाही.”

“ते मला माहीत आहे! लायकी बघून देतेय का मी? घे ग बाई, खांदा निखळतोय माझा!”

तेव्हा साबेलने हात धरला.

वर आल्यावर तिच्या ओठांवरून खाडीचं पाणी तोंडात गेलं, आणि ते गोड लागलं, असं म्हणतात. परत जाताना बांधावर पावलांचा एकही ठसा नव्हता. नातालीनच्या अंगणात मात्र, त्या सुपाशेजारी, मूठभर पांढरंशुभ्र मीठ पडलेलं होतं. नातालीनने ते भरून घरात नेलं.

पुढच्या रविवारी साबेलने भर देवळात सगळ्या गावाला सांगितलं. म्हातारे चवताळले. ज्यांनी मान दिला होता त्यांनाच आता आपण फसलो याचा राग जास्त. कोमास पाटील उठला आणि म्हणाला, या बाईच्या हातातून मोगरी काढून घ्या, तिला गावाबाहेर करा.

नातालीन बाकावरून उठली. पाटलाच्या ओटीवरचं बोलणं साबेलने तिला सांगितलं होतं. “नवरा माझा गेला, पाटील. क्षमा करायची की नाही, ते तुम्ही ठरवणार? आणि खोड नव्हतं, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, तेही सांगा की देवासमोर.”

पाटील खाली बसला.

त्यानंतर दोघींनी मिळून उघाडी राखली. नातालीन रोज सकाळी बांधावर येताना म्हणायची, “आज थोडी क्षमा केली गं.” काही दिवशी म्हणायची, “आज नाही जमली.” त्या दिवशी दोघी न बोलता फळी ओढायच्या. नातालीन मरणाला टेकली तेव्हा साबेल उशाशी होती. नातालीन म्हणाली, “करून संपली बाई एकदाची,” आणि डोळे मिटले. खारावलेली शेतं तीन पावसाळ्यांऐवजी एकाच पावसात गोडी झाली होती, असंही म्हणतात. म्हाताऱ्यांना गोष्टीतला तेवढाच भाग सांगायला आवडतो.

आज तिवरोलीच्या बांधावर लोखंडी दरवाजा आहे, तो चक्राने फिरतो. पण त्याच्या शेजारी गावाने सागाची एक फळी उभी ठेवली आहे. उपासकाळातल्या पहिल्या अमावास्येला भर दुपारी सारं गाव बांधावर जमतं. ज्याने कुणाचं वाईट केलं असेल तो खाडीत उतरतो, केलेलं तोंडाने सांगतो आणि फळीवर तीन ठोके मारतो. ज्याचं वाईट झालं तो वर उभा असतो. त्याने हात द्यावा अशी सक्ती नाही. कुणी त्याला समजवायचं नाही, वडीलधाऱ्यांनी तर तोंडसुद्धा उघडायचं नाही. सगळ्यांनी फक्त थांबायचं. खाली पाणी चढत असतं. ज्याला भीती वाटते तो साबेलचं नाव घेतो, आणि वरचा नातालीनचं.

एका वर्षी दोन सख्खे भाऊ होते. खालच्याच्या हनुवटीला पाणी लागलं होतं, तरी वरच्याचा हात खिशातच होता, असं म्हणतात. गावातलं एकही माणूस घरी गेलं नाही. चुलीवरचा भात करपला, पोरं रडून झोपली, कुणी हललं नाही. मग वरच्याने खिशातून हात काढून खाली केला.